गावाच्या जंगलाचा नकाशा ग्रामसभेनं कसा करावा: सामूहिक वनहक्क दाव्यासाठी पायरी-पायरीनं

जंगलात सात्या (रानातल्या आळिंब्या) कुठे निघतात, कोणत्या नाल्याला होळीनंतरही पाणी राहतं, कोणत्या टेकडीपलीकडून शेजारच्या गावाची गुरं सुरू होतात, हे आपल्या गावातल्या म्हाताऱ्या माणसांना तोंडपाठ असतं. पण दाव्याच्या कागदात ते उतरलं नाही, तर दावे तपासणाऱ्या सरकारी समितीसमोर वनविभागाचा नकाशा तेवढा उरतो. त्या नकाशात आपलं जंगल म्हणजे काही कक्ष क्रमांक, वनविभागानं पाडलेल्या तुकड्यांचे आकडे. त्यात देव नाही, मोह नाही, पाणवठा नाही, गाव नाही.

मी गडचिरोली जिल्ह्यातल्या एका गावाच्या वनहक्क समितीत (ग्रामसभेनं दाव्यांच्या कामासाठी निवडलेल्या समितीत) काम केलं आणि नंतर आजूबाजूच्या टोल्यांना (वस्त्यांना) नकाशे करायला मदत केली. त्या कामात जे कळलं ते इथे लिहितो आहे. मेळघाटातल्या कोरकू गावांना, यवतमाळच्या कोलाम पोडांना (वस्त्यांना), गोंदिया-चंद्रपूरच्या गावांनाही पायऱ्या याच लागतील.

आधी कायदा, थोडक्यात

अनुसूचित जमाती व इतर पारंपरिक वननिवासी यांचे वनहक्क मान्य करणारा कायदा २००६ चा. नियम २००८ चे, आणि २०१२ मध्ये त्यांत मोठी सुधारणा झाली. म्हणून नियमांची प्रत घ्याल तेव्हा ती २०१२ नंतरची आहे ना, हे पाहून घ्या. जुनी प्रत हातात धरून वाद घालणारे दोन्ही बाजूंना भेटतात.

गावाच्या पारंपरिक सीमेतलं जंगल राखणं, वाढवणं आणि त्याचं व्यवस्थापन करणं हा हक्क कलम ३(१)(आय) मध्ये आहे. त्यासाठी नमुना क भरायचा. निस्तार (घरगुती गरजांसाठी जंगलाचा वापर), गौण वनोपज, मासेमारी, चराई यांच्यासाठी नमुना ब. दोन्ही भरा. नुसता ब भरला तर वापराचा हक्क मिळतो आणि व्यवस्थापनाचा राहून जातो, आणि ही गफलत फार गावांत झालेली आहे.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२ मध्ये सुमारे १,००० हेक्टरवर मिळाला. दोन्ही गावांनी पुढे स्वतःचा बांबू स्वतः विकला. "होते का असं?" असं कोणी विचारलं तर ही नावं सांगा.

नकाशानं हक्क सांगण्याचं काम जगात आपण एकटे करत नाही. कॅनडाच्या उत्तरेत इन्युइट शिकाऱ्यांनी आपण आयुष्यभर कुठे शिकार केली, कुठे मासे धरले, कुठे मुक्काम केला ते नकाशावर काढून दिलं. तो अभ्यास १९७६ मध्ये छापला गेला, जमिनीच्या बोलणीत वापरला गेला, आणि १९९९ मध्ये नुनावुत हा वेगळा प्रदेश झाला. निकाराग्वातल्या आवास टिंग्नी या मायांग्ना लोकांच्या गावानं त्यांच्या जंगलाची तोड दुसऱ्याला देणाऱ्या सरकारविरुद्ध आंतर-अमेरिकी मानवाधिकार न्यायालयात दाद मागितली. २००१ मध्ये न्यायालयानं सरकारला त्यांच्या जमिनीची सीमा आखून पट्टा द्यायला सांगितलं. त्या खटल्यात गावाचा नकाशा पुरावा होता.

काय काय जमवायचं

कागद:

- गावनकाशा, भूमी अभिलेखच्या तालुका कार्यालयातून
- वनविभागाचा कक्षनिहाय बीट नकाशा
- निस्तारपत्रक आणि वाजिब-उल-अर्ज (गावाच्या वहिवाटींची जुनी नोंद), जिथे मिळतील तिथे
- सात-बारा आणि जुन्या जमीन-बंदोबस्ताचे (सेटलमेंटचे) कागद
- मतदार यादी
- वनविभागाच्या कार्य आयोजनेतली (वन व्यवस्थापनाच्या आराखड्यातली) आपल्या कक्षांची पानं
- जुन्या पीओआर (वनगुन्ह्याच्या पहिल्या नोंदी), दंडाच्या पावत्या, चराई पास, तेंदूपत्ता कार्डं

दंडाच्या पावत्या फेकू नका. "तुमच्या आजोबाला या कक्षात लाकूड तोडताना धरलं" असं सरकारी शिक्क्यासह लिहिलेलं असेल, तर तुमचा आजोबा त्या कक्षात जात होता याचा तो पुरावाच झाला.

सामान: जीपीएस असलेले दोन मोबाइल, पॉवर बँक, जाड पुठ्ठ्याची वही, पेन आणि पेन्सिल, मोठा ड्रॉइंग कागद, रंग. हातातलं जीपीएस यंत्र एखाद्या संस्थेकडून किंवा कॉलेजातून उसनं मिळालं तर चांगलंच. नाही मिळालं तरी अडत नाही.

१. ग्रामसभा कोणाची, ते आधी ठरवा

इथे ग्रामसभा म्हणजे गावाची किंवा टोल्याची. गटग्रामपंचायतीची नव्हे. पाच गावांची मिळून पंचायत असेल आणि ठराव पंचायतीच्या सभेत झाला असेल, तर पुढचं सगळं कच्च्या पायावर उभं राहतं.

सभेला निम्मे सदस्य हजर हवेत, आणि हजर असलेल्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया. वनहक्क समिती १० ते १५ जणांची. त्यात दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश स्त्रिया. समिती आधीच आहे असं सांगितलं जातं, पण यादी उघडली की २००८ मधली नावं निघतात आणि त्यातली काही माणसं आता हयात नसतात. नवी समिती करा, ठराव लिहा, सगळ्यांच्या सह्या-अंगठे घ्या.

२. सरकारी नकाशे लेखी मागा

वन आणि महसुलाचे नकाशे, मतदार यादी ग्रामसभेला पुरवणं हे उपविभागस्तरीय समितीचं (ग्रामसभेचे दावे तपासणाऱ्या सरकारी समितीचं) काम आहे. नियम ६ मध्ये तसं स्पष्ट आहे. ग्रामसभेच्या लेटरपॅडवर अर्ज करा, दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या. तोंडी मागितलं तर "साहेब दौऱ्यावर आहेत" एवढंच ऐकू येतं.

नकाशे हाती आले की एक गोष्ट तपासा. गावनकाशात झुडपी जंगल म्हणून लिहिलेले खसरे (भूमापन क्रमांक) कुठे आहेत? पूर्व विदर्भात हे क्षेत्र पुष्कळ आहे, आणि महसूल म्हणतो वनाचं, वन म्हणतं महसुलाचं. २२ मे २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच मानलं. वनहक्क कायद्याच्या व्याख्येत वनजमीन कोणत्याही प्रकारची चालते, अवर्गीकृतसुद्धा, आणि अभयारण्य व राष्ट्रीय उद्यानही त्यात येतं. तेव्हा आपण वापरत असलेलं झुडपी जंगल दाव्याबाहेर ठेवू नका.

३. गावाच्या अंगणात पहिला नकाशा काढा

मोबाइल इतक्यात बाहेर काढू नका. गोटुलासमोर (गोंड गावाच्या सामूहिक घरासमोर) किंवा शाळेच्या पटांगणात जागा झाडून घ्या. चुना, राख, गेरू, कोळसा, पानं, दगड घ्या. आधी गाव काढा, मग नाले, मग टेकड्या, मग पायवाटा. म्हाताऱ्यांना बसवा आणि काठी त्यांच्या हातात द्या. शिकलेल्या पोरांनी काठी घेतली की म्हातारे गप्प होतात.

बायकांची बैठक वेगळी घ्या, आणि शक्यतो संध्याकाळी. पुरुष शिव सांगतात, मुनारे (हद्दीचे खांब) सांगतात, रस्ते सांगतात. कोणता मोह कोणत्या घराचा, वास्ते (बांबूचे कोंब) कुठे निघतात, कंद कुठे, कुड्याची फुलं कुठे, उन्हाळ्यात पाणी कुठून आणतात, हे बायका सांगतात. जंगलाचा आतला भाग त्यांच्याच बोलण्यातून भरतो.

गुराख्याला आणि ढिवरालाही (मासेमारालाही) बोलवा. ढिवर, गोवारी किंवा इतर समाजाची घरं गावात असतील तर त्यांचा वापरही याच नकाशात येतो. सामूहिक दावा साऱ्या गावाचा असतो.

जागांची नावं बोलतात तशी लिहा. गोंडीत टेकडीला जे नाव आहे ते आधी, मराठी नाव नंतर. वनविभागाच्या कक्ष क्रमांकाची जोड तिसऱ्या जागी. अंधार पडण्याआधी जमिनीवरच्या नकाशाचा वरून फोटो काढा आणि दुसऱ्या दिवशी तो मोठ्या कागदावर उतरवा.

४. शेजारच्या गावांशी बोलून घ्या

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. शिवेवरून दोन गावांत वाद पडला की बाहेरच्यांना दावा थांबवायला दुसरं कारण लागत नाही.

प्रत्येक शेजारगावच्या समितीला पत्र द्या आणि दोन्ही बाजूंचे पाटील, भूमिया आणि गायता (गावचे पुजारी), म्हातारे यांना शिवेवरच बोलवा. घरात बसून शिव ठरत नाही. नाल्याच्या काठावर उभं राहिलं की "या झाडापर्यंत आमची पूजा, पुढे तुमची" असं आपोआप निघतं. पुष्कळ गावांत शिवेचा देव असतो. तो जिथे आहे तिथे वाद मिटतो.

काही जंगल दोन्ही गावं वापरतात. ते सामाईक म्हणून दोन्ही नकाशांत वेगळ्या रंगानं दाखवा. रेघ ओढून त्याचे तुकडे करायची गरज नाही. बोलणं झालं की तिथेच लिहा आणि दोन्ही समित्यांच्या सह्या घ्या. नाहीच जमलं तर नियम १२ प्रमाणे दोन्ही समित्यांनी एकत्र बसून म्हणणं आपापल्या ग्रामसभेला लेखी द्यायचं, आणि तरीही सुटलं नाही तर प्रश्न उपविभागस्तरीय समितीकडे जातो.

एक सापळा इथेच सांगतो. संयुक्त वन व्यवस्थापनात गावाला जे क्षेत्र दिलं होतं, तीच गावाची सीमा असं समजावून सांगितलं जातं. ते क्षेत्र एका योजनेपुरतं होतं. कायदा पारंपरिक सीमा म्हणतो.

५. शिव चाला

दिवाळी ते होळी हा काळ बरा. पावसात नाले ओलांडता येत नाहीत. मोह आणि तेंदूपत्त्याच्या दिवसांत गाव रिकामं असतं, त्या वेळी शिवेची तारीख धरू नका. शिव मोठी असेल तर तिचे भाग पाडा.

मोबाइलचं जीपीएस नेटवर्क नसतानाही चालतं. नकाशा दाखवणारं ॲप घरीच उघडून आपल्या भागाचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या. दोन मोबाइलवर एकाच वेळी ट्रॅक सुरू ठेवा. जिथे शिव वळते, नाला लागतो, मुनारा दिसतो, तिथे थांबून बिंदू नोंदवा. मोकळ्या जागी फरक काही मीटरचा असतो. दाट बांबूत आणि खोल नाल्यात तो वाढतो, म्हणून तिथे दोन-चार मिनिटं उभं राहा आणि आकडे स्थिर झाले की नोंद घ्या.

आकडे वहीतही लिहा. मोबाइल पाण्यात पडतो, हरवतो, पोरं त्यातलं सगळं पुसून टाकतात. वहीत रकाने असे पाडा: बिंदू क्रमांक, जागेचं नाव, अक्षांश, रेखांश, तिथे काय आहे, कोण वापरतं, कोणत्या महिन्यात, कोणी सांगितलं, फोटो क्रमांक.

अक्षांश-रेखांश दशांश पद्धतीत घ्यायचे की अंश-मिनिट-सेकंदात, ते पहिल्याच दिवशी ठरवा आणि शेवटपर्यंत तेच ठेवा. दोन्हींची सरमिसळ झाली की बिंदू भलत्याच तालुक्यात जाऊन पडतात.

६. आतल्या जागा नोंदवा

नुसती बाहेरची रेघ म्हणजे क्षेत्रफळ. नियम १३ मध्ये पुरावा म्हणून जे मोजलं जातं ते बहुतेक आत असतं: चराईच्या जागा, कंदमुळं आणि फळं गोळा करण्याच्या जागा, मासे धरण्याचे डोह, माणसांचे आणि गुरांचे पाणवठे, वैदूंच्या औषधांचा टापू, देवराया, पवित्र झाडं, मसणवट, जुन्या वस्तीचे अवशेष. आमच्याकडे यात आणखी येतात ते गुरांचा आखर (गुरं जमवायची जागा), बोड्या (लहान तळी), मामा (मालगुजारी) तलाव, तेंदूपत्त्याची फळी (पानं जमा करायची जागा), जुन्या रिठी (उजाड) गावाच्या विहिरी.

प्रत्येक जागेवर जाऊन बिंदू घ्या, एखाद्या वडीलधाऱ्याला तिथे उभं करून फोटो घ्या, आणि त्यांचं म्हणणं लिहून घ्या. वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हाही नियमानं पुरावा आहे, मात्र निवेदन देणारा स्वतः दावेदार नसावा. सामूहिक दाव्यात दावेदार सारं गाव असतं, म्हणून शेजारच्या गावच्या म्हाताऱ्यांची निवेदनं घ्या. ती अधिक भक्कम ठरतात. समित्यांनी एकाहून अधिक पुरावे बघायचे असतात, तेव्हा निवेदन, फोटो आणि एखादा जुना कागद अशी जोडी लावा.

पाण्याच्या जागेपुढे "बारमाही" की "होळीपर्यंत" तेही लिहा. पुढे खाण, धरण किंवा रस्ता येऊ घातला तर हीच नोंद कामी येते.

आणि एक विनंती. देवाची नेमकी जागा, दुर्मीळ औषधाची झाडं, मधाची पोळी सगळ्या जगाला दाखवायची गरज नाही. ग्रामसभेत ठरवा की दाव्यात काय जाईल आणि गावाच्या पेटीत काय राहील. दाव्याच्या नकाशात देवराईचा पट्टा ढोबळ दाखवला तरी चालतो. पेन (गोंडांचे देव) कुठे बसतात ते कोणालाही सांगायला आपण बांधलेले नाही. औषधी वनस्पतींची नेमकी ठिकाणं एकदा मोबाइलवरून पसरली की व्यापारी पोचायला वेळ लागत नाही.

७. नकाशा संगणकावर घ्या

हे काम गावातलं बारावी झालेलं पोरगं-पोरगी शिकू शकते. क्यूजीआयएस हे सॉफ्टवेअर फुकट आहे. मोबाइलमधले ट्रॅक जीपीएक्स किंवा केएमएल फाइल म्हणून काढा. फाइल आणि फोटो व्हॉट्सॲपवर पाठवायचे तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की त्यातली जागेची माहिती निघून जाते.

क्षेत्रफळ काढताना यूटीएम झोन (नकाशासाठी पृथ्वीचे पाडलेले उभे पट्टे) बघा. गडचिरोली, गोंदिया, भंडारा, चंद्रपूर, नागपूर ४४ उत्तर या झोनमध्ये येतात. मेळघाट ४३ मध्ये. ७८ अंश रेखांशावर झोन बदलतो, त्यामुळे यवतमाळच्या आणि अमरावतीच्या पूर्वेकडच्या गावांनी आपला रेखांश बघून ठरवावं. जुन्या टोपोशीटवर (सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशावर) आपले बिंदू टाकले आणि सगळं एका बाजूला सरकलेलं दिसलं तर घाबरू नका. जुन्या नकाशांचा आधार वेगळा आहे, आजच्या जीपीएसचा वेगळा. सॉफ्टवेअरमध्ये तो बदलून घ्यावा लागतो.

नकाशावर हे असलंच पाहिजे: गावाचं नाव, तालुका, जिल्हा, उत्तर दिशा, प्रमाण, खुणांची सूची, कक्ष व खसरा क्रमांक, हेक्टरमध्ये क्षेत्र, चारही बाजूंची शेजारगावं, समितीच्या सह्या, तारीख. वैयक्तिक वनहक्काची शेतं वेगळ्या रंगात दाखवा, म्हणजे पुढे सामूहिक क्षेत्र किती यावर वाद होणार नाही.

उपग्रहाचं चित्र जोडायला हरकत नाही. पण "उपग्रहात दिसत नाही म्हणून दावा नाही" असं कोणी म्हणालं तर २०१२ च्या सुधारणेतला नियम १२-अ दाखवा. उपग्रहचित्र इतर पुराव्यांना पूरक आहे, त्यांच्या जागी ते धरता येत नाही.

छापलेला नकाशा पुन्हा ग्रामसभेत टांगा. म्हाताऱ्यांना वाचून दाखवा. चुका इथेच निघू द्या.

८. पडताळणीची नोटीस द्या

समितीनं जागेवर पडताळणी करताना वनविभागाला कळवायचं असतं. वनपरिक्षेत्र अधिकारी आणि तलाठी यांना तारीख, वेळ, जमायची जागा लिहून पत्र द्या, पोच घ्या. ते आले तर पंचनाम्यावर त्यांची तारखेसह सही. आले नाहीत तर तसं पंचनाम्यात लिहा. पुढे त्याच गैरहजेरीवर त्यांनी आक्षेप घेतला, तर दावा फेरपडताळणीला ग्रामसभेकडे परत येतो. फेरपडताळणीलाही ते आले नाहीत तर ग्रामसभेचा निर्णय अंतिम धरला जातो. हे सगळं पोच असलेल्या पत्रावर उभं आहे.

९. ठराव करून दावा दाखल करा

ग्रामसभेत दावा वाचून मंजूर करा आणि संच उपविभागीय अधिकाऱ्यांकडे द्या. पानांवर क्रमांक घाला, पोचपावतीवर "एकूण पाने" लिहून घ्या. तीन संच करा: एक दाखल करायला, एक ग्रामसभेच्या पेटीत, एक गावाबाहेर विश्वासाच्या माणसाकडे. अर्जाचा नमुना फुकट मिळतो. कोणी पैसे मागितले तर देऊ नका.

दावा फेटाळला किंवा क्षेत्र कमी केलं तर सविस्तर कारण लेखी देणं उपविभागस्तरीय समितीवर बंधनकारक आहे. निर्णयापासून ६० दिवसांत वरच्या समितीकडे दाद मागता येते. प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत वननिवासींना त्यांच्या ताब्यातल्या वनजमिनीवरून हटवता येत नाही, हे कलम ४(५) मध्ये आहे. त्या कलमाची प्रत समितीच्या प्रत्येकाकडे असू द्या.

१०. पट्टा हाती आला की आधी नकाशा बघा

समारंभात पट्टा मिळतो, फोटो निघतो, हार घातले जातात. घरी आल्यावर पट्ट्यासोबतचा नकाशा आपल्या नकाशाशेजारी ठेवा. कक्ष क्रमांक एकेक करून जुळवा. हेक्टर जुळवा. एखादा कक्ष गळालेला, नाल्याच्या अलीकडेच रेघ थांबलेली, किंवा खाली कायद्यात नसलेल्या अटी टाकलेल्या आढळल्या, तर ग्रामसभेचा ठराव करून लगेच लेखी कळवा. पट्टा नमुना क च्या दाव्यावरचा आहे ना, की नुसत्या निस्ताराचा, तेही बघा. नमुना क चा पट्टा जोडपत्र ४ मध्ये असतो, नमुना ब चा जोडपत्र ३ मध्ये.

त्यानंतर वन आणि महसूल विभागांनी मिळून अंतिम नकाशा करायचा असतो आणि जास्तीत जास्त तीन महिन्यांत हक्काची नोंद आपापल्या अभिलेखात घ्यायची असते. हे आपोआप होईल असं धरून बसू नका. तहसीलदार, भूमी अभिलेख आणि उपवनसंरक्षक अशा तिघांनाही पट्ट्याची आणि नकाशाची प्रत जोडून अर्ज द्या, आणि अभिलेखात नोंद झाल्याची प्रमाणित प्रत हातात येईपर्यंत दर महिन्याला विचारणा चालू ठेवा.